पुसण्याआधी विचारा : "उतरवून झालं का?"

(दहावी १९९० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, हिंगणघाट येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर उद्याच्या जगाबद्दल काहीतरी बोल." मी म्हटलं, उद्याचं जग मी काही पाहून आलेली नाही. मी गेली २७ वर्षं सर्व्हर सांभाळते. माझ्या कामाचं वर्णन करायचं तर जिनिंगमधल्या गोदामपालासारखं आहे. माल येत राहतो, जागा भरत जाते आणि जुना माल वेळेवर काढला नाही तर नव्याला दारात उभं राहावं लागतं. म्हणून आज मी फक्त काढून टाकण्याबद्दल बोलणार आहे. कॉम्प्युटरला सांगून फायली पुसायच्या कशा, आणि त्या पुसताना नको ते पुसलं जाऊ नये म्हणून काय करायचं, एवढाच विषय. मागच्या बाकावरून आत्ताच आवाज आला, "काऊन बे, एवढ्यासाठी भाषण?" हो बाप्पा, एवढ्यासाठीच. कारण यात माझी एक चूक आहे, ती तुमच्या सगळ्यांशी संबंधित आहे, आणि ती मला इथे उभं राहूनच सांगायची आहे.

तुमच्या हातात जी स्मरणिका येणार आहे तिच्यात सरांनी काढलेल्या फोटोंची पानं आहेत. आपल्या भूगोलाच्या सरांकडे स्वतःचा कॅमेरा होता आणि सहल असो, गॅदरिंग असो, ते फोटो काढत, हे सगळ्यांना आठवत असेल. त्या फोटोंचा अल्बम होता. काही वर्षांपूर्वी सरांच्या मुलीने तो स्कॅन करून ठेवला, हे आपलं नशीब, कारण नंतरच्या एका पावसाळ्यात घर गळलं आणि अल्बमचा लगदा झाला. उरले ते स्कॅन केलेले ६४ फोटो. स्मरणिकेसाठी ताईंनी ते मला इंटरनेटवरून पाठवले आणि विचारलं, "पोचले ना? मग मी इथून काढून टाकते, माझी जागा भरली आहे." मी म्हटलं, "हो, काढा." माझी पहिली चूक तिथे झाली, आणि ती करायला कॉम्प्युटर लागलाच नाही.

दुसरी चूक कॉम्प्युटरवर झाली. ती समजायला स्क्रिप्ट म्हणजे काय ते सांगते. लहानपणी आई आपल्याला चिठ्ठी देऊन किराणा दुकानात पाठवायची. साखर एक किलो, तूरडाळ दोन किलो, मीठ एक पुडा. स्क्रिप्ट म्हणजे अशीच चिठ्ठी. एकाखाली एक कामं लिहायची आणि कॉम्प्युटरला द्यायची. फरक एवढाच की चिठ्ठीत चुकून मीठ पन्नास किलो लिहिलं गेलं असतं तर दुकानदार म्हणाला असता, "जा, आईला विचारून ये." कॉम्प्युटर विचारत नाही. तो पन्नास किलो मीठ बांधून देतो.

आणि आमच्या लिनक्सच्या दुनियेत पुसण्यासाठी जी आज्ञा आहे ती दोन अक्षरांची आहे, आरएम. तिला आणखी दोन अक्षरं जोडता येतात. 'आर' जोडलं की कपाट त्यातल्या सगळ्या कप्प्यांसकट जातं. 'एफ' जोडलं की ती काही विचारत नाही आणि फाईल सापडली नाही तरी तक्रार करत नाही. तुमच्या विंडोजवर पुसलेली फाईल बहुधा रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते. आरएमला असली टोपली नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर 'स्मरणिका' नावाचा फोल्डर होता. त्यात 'सर' नावाच्या फोल्डरमध्ये ते ६४ मूळ फोटो होते. पानं मांडणाऱ्याला पाहायला पाठवायला हलक्या, लहान प्रती हव्या होत्या. म्हणून मी बारा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. तिने 'सर' मधून एकेक फोटो घ्यायचा, त्याची लहान प्रत 'सर तात्पुरते' नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची, शेवटी सगळ्यांची एक पीडीएफ करायची आणि ते 'सर तात्पुरते' पुसून टाकायचं.

आता नीट ऐका, कारण सगळी गंमत एका मोकळ्या जागेत आहे. 'सर तात्पुरते' या नावात दोन शब्दांच्या मधे जागा आहे. तुम्हाआम्हाला ते एक नाव दिसतं. पण कॉम्प्युटरच्या आज्ञेत मोकळी जागा म्हणजे एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली. म्हणून अशा नावाभोवती अवतरणचिन्हं घालायची असतात, म्हणजे त्याला कळतं की हे सगळं मिळून एक आहे. वरच्या अकरा ओळींत मी ती घातली होती. बाराव्या ओळीत, पुसण्याच्या ओळीत, घातली नाहीत. कॉम्प्युटरने वाचलं ते असं : 'सर' पूस, आणि मग 'तात्पुरते' नावाचं काही असेल तर तेही पूस. 'सर' सापडलं. त्याने ते पुसलं. 'तात्पुरते' नावाचं वेगळं काही नव्हतंच, पण 'एफ' जोडलेलं असल्यामुळे त्याने तोंडातून शब्द काढला नाही. पाव सेकंदात सगळं आटोपलं.

त्यात आणखी एक भर पडली. बेचाळिसाव्या फोटोची फाईल खराब निघाली आणि लहान प्रती करण्याचं काम तिथेच थांबलं होतं. पण एखादी पायरी फसली तर पुढे जाऊ नकोस, हे मी चिठ्ठीत लिहिलंच नव्हतं. त्यामुळे चिठ्ठी पुढे चालत राहिली. मूळ ६४ गेले आणि ज्या पुसायच्या होत्या त्या ४१ लहान प्रती तेवढ्या वाचल्या.

मग जे करायचं ते सगळं केलं. पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं असतात. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फाईल पुसली म्हणजे सहसा फक्त तिची नोंद खोडली जाते, मजकूर काही काळ तिथेच पडून असतो, म्हणून तो पुष्कळदा मिळतो. माझी डिस्क नव्या प्रकारची होती, एसएसडी. ती पुसलेल्या जागा पुढच्या कामासाठी स्वतःहून साफ करून ठेवते. काही मिळालं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हातून असं झालं तर एक लक्षात ठेवा : ते यंत्र त्या क्षणी बंद करा, त्यावर काहीही नवं उतरवू नका, आणि मगच जाणकाराला विचारा. मी मात्र घाबरून आधी दहा मिनिटं तेच यंत्र चालवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा गृहपाठ न केल्यासारखं वाटत होतं. सगळं सांगितलं. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, फळा पुसायच्या आधी मी काय विचारत होतो?"

सांगा बरं, काय विचारायचे? बरोबर. सगळा वर्ग एका सुरात बोलला आत्ता. "उतरवून झालं का?" आणि पुढच्या बाकांनी "हो सर" म्हटलं तरी सर डस्टर हातात धरून मागच्या बाकाचं होईपर्यंत थांबायचे. तास संपत आलेला असला तरी थांबायचे. मी २७ वर्षांत जे काही शिकले, परिषदांना गेले, पुस्तकं वाचली, ते सगळं या एका सवयीत होतं. सुरक्षितपणे पुसणं म्हणजे डस्टर फिरवण्याआधी विचारणं आणि मागच्या बाकाची वाट पाहणं.

ही चूक फक्त हिंगणघाटच्या पोरीने केली असं समजू नका. मोठमोठ्यांची उदाहरणं सांगते. स्टीम नावाचं कॉम्प्युटरवरच्या खेळांचं मोठं दुकान आहे. त्याच्या लिनक्ससाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्क्रिप्ट होती. आपला फोल्डर कुठे आहे ते ती आधी शोधायची आणि गरज पडली की 'त्या फोल्डरच्या आतलं सगळं' पुसायची. २०१५ च्या जानेवारीत असं लक्षात आलं की कोणी तो फोल्डर दुसरीकडे हलवला असेल तर शोधणं फसतं आणि फोल्डरच्या नावाची जागा रिकामी राहते. मग 'रिकामी जागा, तिच्या आतलं सगळं' याचा अर्थ कॉम्प्युटरसाठी होतो 'पूर्ण कॉम्प्युटरच्या आतलं सगळं'. लोकांच्या स्वतःच्या फायली गेल्या, जोडून ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवरच्या सुद्धा. गंमत म्हणजे लिहिणाऱ्याने त्या ओळीच्या वर स्वतःसाठी एका शब्दाची टीप लिहून ठेवली होती, तिचा अर्थ 'भीतीदायक!' भीती वाटली होती, पण नाव रिकामं आहे का हे तपासणारी एक ओळ घातली नाही.

दुसरं उदाहरण जपानचं. क्योतो विद्यापीठात महासंगणक आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिथे बॅकअपच्या स्क्रिप्टने सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली, जवळजवळ ३ कोटी ४० लाख फायली. संशोधकांच्या १४ गटांना फटका बसला आणि त्यातल्या चार गटांची माहिती परत आणता येणार नव्हती. स्क्रिप्टचं काम काय होतं? दहा दिवसांहून जुन्या नोंदवह्या तेवढ्या काढून टाकणं. पण ती चालू असतानाच तिच्यावर सुधारलेली स्क्रिप्ट टाकण्यात आली. लिनक्सचा बॅश नावाचा कारभारी चिठ्ठी एकदम पूर्ण वाचून ठेवत नाही, जसं काम होईल तशी पुढे वाचतो. निम्मी जुनी चिठ्ठी आणि पुढे नवी. नव्या चिठ्ठीतली नावं भरणाऱ्या ओळी वरच राहून गेल्या, नावं रिकामी राहिली आणि नोंदवह्यांच्या जागी लोकांचं संशोधन पुसलं गेलं. ज्या यंत्रणेने जपून ठेवायचं तिनेच पुसलं.

तीन ठिकाणी तीन वेगळी कारणं. माझ्याकडे मोकळी जागा, स्टीमकडे रिकामं नाव, क्योतोमध्ये चालत्या गाडीचं चाक बदलणं. पण तिन्हीकडे पुसण्याच्या क्षणी कोणी विचारलं नाही की मी नेमकं काय पुसतोय.

आता दुसरी आठवण. माझे बाबा तहसील कचेरीत अभिलेख कक्षात होते. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांना सातबाराच्या जुन्या नकला त्यांनी काढून दिल्या असतील. शाळा सुटली की मी कधी कधी तिथे जाऊन बसायची. कापडात बांधलेले बस्ते, त्यांवर चिठ्ठ्या, आणि धुळीचा तो वास. मला वाटायचं, बाबांचं काम कागद जपायचं. ते म्हणायचे, "जपायचं काम सोपं आहे. फेकायचं काम अवघड."

सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग पाडलेले असतात. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ब' वर्गाचा ३० वर्षं, 'क' वर्गाचा १० वर्षं आणि 'ड' वर्गाचा वर्षभर. म्हणजे कागद जन्माला येतो तेव्हाच तो केव्हा जाणार हे ठरतं. फेकायची वेळ आली तेव्हा रद्दीवाल्याकडे बघून कोणी ते ठरवत नाही. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायची जी पद्धत आहे, तिच्यात नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठाच वेगळा असतो. आणि बाबांची रीत अशी होती : आधी यादी करायची. यादी साहेबांनी वाचायची आणि सही करायची. मग कागद वेगळे काढायचे. तेही लगेच नाही, गठ्ठा काही दिवस कोपऱ्यात पडू द्यायचा. कारण नेमकं त्याच आठवड्यात कोणीतरी शेतकरी येतो आणि त्याच कागदाबद्दल विचारतो. कागद गेला तरी यादी मात्र राहते, म्हणजे काय गेलं हे पुढच्या माणसाला कळतं.

मी जेव्हा स्क्रिप्ट लिहिते तेव्हा बाबांच्या या चार पायऱ्या एका ओळीत गिळून टाकते. यादी नाही, सही नाही, कोपरा नाही, थेट आगीत. म्हणून त्या फोटोंच्या प्रकारानंतर मी माझ्या कामाचे नियम नव्याने लिहिले. ते आज माझ्या हाताखालच्या पोरापोरींना शिकवते. तुमच्या घरातली मुलं या क्षेत्रात आहेत, त्यांच्यासाठी सांगते, आणि बाकीच्यांनाही समजेल असं सांगायचा प्रयत्न करते.

पहिला नियम, नाव रिकामं नाही ना हे आधी पाहा. बॅशमध्ये वरच्या बाजूला 'सेट डॅश यू' अशी एक ओळ लिहिली की ज्या नावात कधी काही भरलंच नाही ते वापरताच स्क्रिप्ट जागच्या जागी थांबते. पण नाव भरलं आणि भरलेलंच रिकामं निघालं, तर ही ओळ पुरत नाही. म्हणून पुसण्याच्या ओळीत त्या नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह जोडायचं, म्हणजे रिकाम्या नावालाही ती अडते. प्रश्नचिन्हच जोडायचं असतं बघा, सरांच्या प्रश्नासारखं.

दुसरा नियम, प्रत्येक नावाला अवतरणचिन्हं. आपल्या मराठी माणसाच्या फोल्डरांची नावं 'बंड्याचं लग्न' आणि 'आईचे रिपोर्ट' अशीच असणार, त्यांत मोकळ्या जागा असणारच. नाव बदलू नका, चिन्हं घाला. आणि एखाद्या फाईलचं नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल तर आरएम तिला फाईल न समजता हुकूम समजते, म्हणून नावांच्या आधी नुसत्या दोन आडव्या रेघा द्यायच्या, म्हणजे हुकूम संपले हे तिला कळतं.

तिसरा नियम, आधी यादी. पुसण्याच्या जागी फक्त नावं छापायला सांगा. स्क्रिप्ट पहिल्यांदा चालेल ती अशीच, कोरडी. ती यादी डोळ्यांनी वाचा. आपल्याला वीस फायली अपेक्षित असतील आणि यादीत वीस हजार असतील तर देवाने वाचवलं समजा. पुढे स्क्रिप्ट रोज आपोआप चालणार असेल, तर तिलाच सांगून ठेवा की आकडा अमुकपेक्षा मोठा झाला तर काहीही न करता मला निरोप दे. 'फाइंड' नावाची जी शोधायची आज्ञा आहे तिच्यात तर क्रमालाही अर्थ असतो. 'पूस' हा शब्द अटींच्या आधी लिहिला तर ती अट वाचायच्या आधीच पुसत सुटते.

चौथा नियम, कोपरा. पुसू नका, हलवा. त्याच डिस्कवर एक फोल्डर करा, त्याला आजची तारीख द्या आणि जे जायचं आहे ते तिथे नेऊन ठेवा. महिनाभर कोणाची हाक आली नाही तर मग ते खरोखर पुसा. जागा लगेच रिकामी होत नाही हे खरं. पण डिस्क विकत मिळते.

पाचवा नियम, जे स्क्रिप्टने स्वतः निर्माण केलं तेवढंच तिला पुसू द्या. तात्पुरत्या कामासाठी 'एमकेटेम्प' नावाची आज्ञा असते. ती दरवेळी नव्या, वेगळ्या नावाचा फोल्डर करून देते. पुसायचं ते तेवढंच. मी 'सर' च्या शेजारी 'सर तात्पुरते' ठेवायला नको होतं. बियाणं आणि चारा एकाच खोलीत ठेवू नये, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळतं.

सहावा नियम, साध्या माणसाच्या अधिकाराने काम करा. कॉम्प्युटरवर सगळ्या किल्ल्या असलेला एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. त्या किल्ल्या कमरेला लावून झाडलोट करू नये. साध्या वापरकर्त्याच्या हातून चूक झाली तर बहुधा त्याची स्वतःची खोली जाते. मालकाच्या हातून झाली तर वाडा जातो.

आणि सातवा, नोंद. काय पुसलं, केव्हा पुसलं, हे एका फाईलमध्ये लिहून ठेवा. बाबांची यादी.

हे सगळं स्क्रिप्टवाल्यांसाठी झालं. पण माझी पहिली चूक आठवा. ताईंना मी "हो, काढा" म्हणाले ती. ती चूक इथला प्रत्येक जण रोज करतो. सरांनी आपल्याला लॅम्बटनबद्दल शिकवलं होतं. १८०२ मध्ये मद्रासहून निघून साऱ्या हिंदुस्थानची मोजणी सुरू करणारा तो माणूस १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना आपल्या या हिंगणघाटात वारला. सर सांगायचे की ते लोक त्रिकोणाला त्रिकोण जोडत शेकडो मैल गणिताने मोजत जायचे, पण गणितावर विश्वास ठेवून थांबायचे नाहीत. साखळीच्या शेवटी पुन्हा एक बाजू प्रत्यक्ष जमिनीवर मोजायचे आणि गणिताशी ताडून पाहायचे. मी काय केलं? फोटो आले असं दिसलं आणि मूळ पुसायला परवानगी दिली. मोजले नाहीत, उघडून पाहिले नाहीत. बेचाळिसावा खराब निघाला तो येतानाच खराब झाला होता की आधीपासूनच तसा होता, हे आता कधीच कळणार नाही, कारण ताडून पाहायला मूळ उरलं नाही.

म्हणून तुमच्यासाठी एवढंच. ज्या गोष्टीची एकच प्रत आहे ती तुमच्याकडे आहे असं समजू नका. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे. आणि फोनमध्ये जागा भरली म्हणून गुगल फोटोजमधून फोटो पुसाल तेव्हा लक्षात ठेवा, तिथे पुसलेला फोटो फोनमधूनही जातो आणि वरच्या साठ्यातूनही जातो. बॅकअप घेतलेले फोटो ६० दिवस तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत असतात. ते साठ दिवस म्हणजे बाबांचा कोपरा. त्यात एकदा डोकावून बघत जा. ज्या जिल्ह्यात बापूजी पाठकोरे कागद वाया न घालवता वापरत होते, त्या जिल्ह्यातल्या लोकांनी फेकण्याआधी दुसरी बाजू पाहायला हरकत नाही.

आता शेवटचं. ६४ मधून ४१ लहान प्रती वाचल्या. स्मरणिकेत सरांचे फोटो बारीक छापलेले दिसतील, ते कंजूषपणाने नाही. मोठे केले की चेहरे फुटतात. तुमचा चेहरा नीट ओळखू आला नाही तर छापखान्याला नाही, मला बोला.

२३ पूर्ण गेले. पण कोणते २३ गेले ते मला माहीत आहे, कारण सरांनी प्रत्येक फोटोची नोंद एका वहीत केलेली आहे. क्रमांक, तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे. ती वही भिजली नाही. सरांची यादी आहे म्हणून मी आज काय हरवलं ते तरी सांगू शकते. माझ्या स्क्रिप्टने तर एक ओळही लिहून ठेवली नव्हती.

तेव्हा सर ज्याला हवी त्याला पैसे घेऊन प्रत काढून देत असत. त्या प्रती तुमच्या घरच्या ट्रंकांमध्ये असतील म्हणून मी मागच्या दोन महिन्यांत जमेल तितक्यांना फोन केले. त्यातून ९ फोटो मिळाले. एक आर्वीहून आला, दोन पुलगावहून, एक तर थेट ऑस्ट्रेलियाहून, आईच्या पोथीत ठेवलेला. १४ अजून मिळाले नाहीत. त्यांतला एक, सरांच्या वहीतला क्रमांक ३७, सेवाग्राम-पवनारच्या सहलीतला, धाम नदीच्या काठावरचा. त्यात आपला तो मित्र आहे जो दहावीच्या निकालानंतरच्या उन्हाळ्यात गेला. त्याच्या आईकडे त्याचा शाळेतला एकही फोटो नाही. त्या सहलीला आपण ५२ जण होतो. कोणीतरी प्रत घेतलेली असेल.

माझी विनंती आहे, घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडा. दिवाळीच्या साफसफाईत ती काढून टाकायच्या विचारात असाल, तर आधी उघडा. आणि सर, आपण त्या दिवशी फोनवर रागावला नाहीत, वहीचं पान शोधायला लागलात. आपल्याला एवढंच सांगते की मागच्या बाकाचं अजून उतरवून झालेलं नाही. जरा थांबा.



ता. क. : मेळाव्यानंतर स्मरणिका छापायला जाईपर्यंत आणखी ३ फोटो मिळाले. क्रमांक ३७ त्यांत नाही. उरलेल्या ११ फोटोंची यादी सरांच्या वहीतून जशीच्या तशी पुढच्या पानावर दिली आहे. कोणाकडे प्रत असल्यास मूळ फोटो टपालाने पाठवू नये. फोटो काढून पाठवावा, आम्ही तो मिळाल्याचं आणि नीट उघडल्याचं कळवू.